सुईविना वेदनाशमन : बारदान वजा जाता

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्याने आयुष्याची चार दशके घालविली, त्यास दोन गोष्टींची जाण आपोआप येते. एक वजनाची व दुसरी कमरेची. पहिली पेढीवर उपयोगी पडते, दुसरी रात्री अंथरुणावर पडल्यावर कळते. आमच्या सुरत शहरात तर कंबर, मान व गुडघे यांची कुरकुर हा जणू सार्वजनिक विषयच होऊन बसला आहे. हिऱ्याच्या घंटीवर मान वाकवून बसणारा कारागीर, यंत्रमागापुढे पाळीभर उभा राहणारा कामगार, कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे पाठीवर वाहणारा मजूर आणि गादीवर मांडी घालून दिवसभर कीर्द-खतावणी पाहणारा आपला व्यापारी बंधू, या सर्वांचे धंदे निरनिराळे. परंतु दुखणे मात्र एकाच जातीचे.

मागील वर्षी आपल्या मंडळाच्या सभेत एका उत्साही बंधूंनी अशी सूचना मांडली की, मंडळाच्या आरोग्यनिधीतून वेदनाशमनाची विद्युत्-यंत्रे घाऊक भावाने खरेदी करावी व ती सभासदांच्या कुटुंबांस आणि त्यांच्या पेढ्या-वखारींवरील नोकरवर्गास द्यावी. या उपचारात सुई नाही, गोळी नाही, रक्ताचा थेंब नाही; तेव्हा अहिंसाधर्मीयांस तो विशेष साजेसा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सूचनेच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. मध्यंतरी आमच्या वखारीत असे काही घडले की, तो वर केलेला हात पुन्हा एकदा तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु कोणताही माल घेण्यापूर्वी मूठभर दाणे हातात घेऊन पारखावे, ही सवय धंद्याने लाविली आहे. त्याच सवयीने या यंत्राची पारख करून तिचा निष्कर्ष सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

यंत्र व त्याचे कार्य

या यंत्रास जगभर 'टेन्स' असे म्हणतात. हे त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे रूप असून, त्वचेवरून मज्जातंतूंस दिलेले विद्युत्-उद्दीपन असा त्याचा अर्थ आहे. तळहातावर मावेल एवढी पेटी, आत लहानशी बॅटरी, तिच्यातून निघालेल्या तारा व तारांच्या टोकांस चिकटणाऱ्या पट्ट्या, एवढाच सारा सरंजाम. दुखऱ्या भागाच्या आजूबाजूस पट्ट्या चिकटवून कळ फिरविली की त्वचेतून विजेचे अतिशय सौम्य ठोके जाऊ लागतात. प्रवाहाचे मान एका अँपिअरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतके अल्प असते व प्रत्येक ठोका सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजण्याइतका अल्पकाळच टिकतो. सेकंदास ८० ते १०० ठोके दिले तर मुंग्या आल्यासारखी झिणझिण जाणवते. २ ते ४ ठोके दिले तर स्नायू हलकेच उडतात.

आपल्याकडे यास 'करंटचा शेक' म्हणण्याची चाल पडली आहे. वास्तविक यात शेक मुळीच नाही. उष्णतेचा व या यंत्राचा काही संबंध नाही. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत जे मोठे यंत्र असते, त्यात सेकंदास सुमारे ४००० आंदोलनांचे दोन प्रवाह परस्परांस छेदतील अशा रीतीने सोडतात. ते 'टेन्स'चे भाऊबंद होय; परंतु दोन्ही एक नव्हेत.

आता विजेने वेदना थांबावी कशी? लहान मूल उंबऱ्यावर अडखळून पडले की आई प्रथम त्याचा गुडघा चोळते आणि मूल उगी राहते. या घरगुती अनुभवामागील कारण शास्त्राच्या भाषेत मांडण्याचे श्रेय कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक व इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांस आहे. १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी आपली सुप्रसिद्ध 'द्वार-उपपत्ती' प्रसिद्ध केली. शरीरातून मेंदूकडे वार्ता नेणारे मज्जातंतू निरनिराळ्या जाडीचे असतात. स्पर्श व दाब यांची वार्ता जाड तंतू नेतात व ती सेकंदास कित्येक मीटर वेगाने धावते. ठणकणाऱ्या वेदनेची वार्ता बारीक तंतूंतून जाते व तिचा वेग सेकंदास सुमारे एक मीटरच असतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत या दोघांचा संगम होतो. तेथे जणू एक दार आहे. जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते दार बारीक तंतूंच्या वार्तेस लोटले जाते. बाजाराच्या अरुंद वेशीत हातगाड्यांची रांग लागली की मागच्या बैलगाडीस जसे थांबावे लागते, तसाच हा प्रकार. आईचे चोळणे आणि यंत्राची झिणझिण, दोन्ही जाड तंतूंची वर्दळच वाढवितात.

१९६७ साली वॉल व बोस्टनचे शस्त्रवैद्य विल्यम स्वीट यांनी हा विचार प्रत्यक्षात आणून पाहिला. त्यांनी प्रथम स्वतःच्याच मज्जातंतूंस विजेचे ठोके दिले व नंतर जुनाट वेदनेच्या रोग्यांवर प्रयोग केले. वेदना काही काळ थांबते असे त्यांस दिसून आले. पुढील संशोधकांनी या उपपत्तीत पुष्कळ दुरुस्त्या केल्या असल्या तरी तिचा गाभा टिकून आहे. १९७५ साली अॅबरडीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत अफूसारखे वेदनाशामक द्रव्य नैसर्गिकरीत्याच असते हे दाखवून दिले. विजेच्या उद्दीपनाने शरीरातील अशा द्रव्यांस चालना मिळते, असे पुढील प्रयोगांवरून दिसले. म्हणजे दाराची अडवणूक व घरातलेच औषध, अशा दुहेरी मार्गाने हे यंत्र काम करते.

जुनी विद्या, नवी पेटी

विजेने वेदना शमविण्याची कल्पना मात्र विसाव्या शतकातील नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने संधिवाताच्या रोग्यास समुद्रकाठच्या ओल्या वाळूत, विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवून उभे करावे व पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो तसेच ठेवावे, असे लिहून ठेविले आहे. एका जिवास पायाखाली ठेवून दुसऱ्याची वेदना शमविण्याचा तो मार्ग आपल्यास कधीच रुचला नसता. त्या दृष्टीने पाहता माशाच्या जागी निर्जीव बॅटरी आली, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

सुई टोचून वेदना शमविण्याची चिनी विद्या हीदेखील या यंत्राची दूरची नातलग होय, व तिच्या आपल्या देशातील आगमनाशी एका मराठी नावाचा निकटचा संबंध आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९३८ साली चीनमध्ये युद्धपीडितांच्या सेवेस गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते, व तेथेच सेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी देह ठेविला. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्याच पथकात होते. पथकातील आणखी एक सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बी. के. बसू, पुढे पुन्हा चीनमध्ये गेले व तेथून सूचिचिकित्सा शिकून आले. १९५९ च्या सुमारास त्यांनी ती भारतात सुरू केली. सुईस वीज जोडण्याची पद्धतही पुढे रूढ झाली. परंतु सुई नकोच असे म्हणणाऱ्यांस त्वचेवरील पट्टी अधिक सोयीची वाटली, यात नवल नाही.

ज्या महाविद्यालयात डॉ. कोटणीस शिकले, त्याच्याच आवारातील के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, भारत सरकार, मुंबई महानगरपालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू झाली. बालपक्षाघाताच्या साथीने लुळ्या पडलेल्या मुलांस पुन्हा उभे करणे ही त्यावेळची निकड होती. ही विद्या त्या मुलांच्या हातापायांस चलनवलन शिकविण्यासाठी जन्मास आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वीज हे तिचे एक साधन आहे. हालचाल हे तिचे साध्य आहे. आज सुरतेतही रामपुरा भागात फिजिओथेरपीचे महाविद्यालय असून, शहराच्या बहुतेक सर्व भागांत त्या विद्येचे पदवीधर काम करीत आहेत.

आमचा अनुभव व धर्माचरणातील प्रश्न

चार वर्षांपूर्वी आमच्या कमरेतून डाव्या पायात कळ उतरू लागली. गादीवरून उठताना मुनीमाचा हात धरावा लागे. वेदनाशामक गोळ्यांनी बरे वाटे, परंतु त्या उपाशीपोटी घेतल्यास पोटास व अतिरेक झाल्यास मूत्रपिंडास अपाय करितात, असे डॉक्टरांनी बजाविले होते. आपल्या घरांत ही अडचण निराळ्या रूपाने येते. चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटदेखील वर्ज्य. आणि गुडघ्याचे दुखणे तर नेमके रात्री डोके वर काढते. आमच्या सौभाग्यवतींची हीच तक्रार होती. पर्युषणातील उपवासांत तर दिवसाही गोळीचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी तोंडावाटे काहीही न घेता वीस-तीस मिनिटे वेदना मंदावते, ही गोष्ट आमच्या घरी मोठ्या समाधानाची ठरली.

येथे दोन शंका नेहमी विचारल्या जातात. पहिली ही की, वेदना हे असातावेदनीय कर्माचे फळ असेल व तत्त्वार्थसूत्रातील बावीस परीषहांत रोगपरीषहाची गणना असेल, तर ती सोसावी की शमवावी? आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे, समतेने सोसण्याचे व्रत साधुजनांचे आहे. गृहस्थाने शरीर धर्मसाधनेस व कर्तव्यास योग्य राखावे, यात दोष नाही. दुसरी शंका विजेविषयी. वीज सचित्त तेउकाय मानावी की नाही, याविषयी आपल्या संप्रदायांत एकमत नाही. ज्या परंपरेत सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी विजेचा संपर्क वर्ज्य मानितात, त्यांनी त्या काळात पट्ट्या काढून ठेवाव्या. व्रताच्या दिवसांत वापरावयाचे झाल्यास आपल्या गुरुमहाराजांस विचारून मगच वापरावे. ज्यास जो नियम आहे, त्याने तो पाळावा. यंत्र काही पळून जात नाही.

वखारीतील प्रसंग

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावा लागला, तो सांगतो. आमच्या वखारीत पंचवीस वर्षांपासून एक हमाल आहेत. ताप्ती लाइनने नंदुरबारकडून सुरतेस आलेल्या असंख्य खानदेशी कुटुंबांपैकी त्यांचे एक. गव्हाच्या ऐन हंगामात त्यांची कंबर धरली. गाड्या दारात उभ्या, माल उतरावयाचा, दुसरा हमाल मिळेना. आम्ही दयेने, आणि खरे सांगावयाचे तर निकडीनेही, आपली पेटी त्यांच्या हवाली केली. पट्ट्या कमरेस चिकटवून, वर पट्टा बांधून ते कामास लागले. सायंकाळी येऊन म्हणाले, "शेठ, पेटी जादूची आहे. दुखतं आहे हेच कळत नाही." आम्ही समाधानाने हसलो. दुखते आहे हेच कळत नाही, या शब्दांत केवढा धोका होता, तो त्यावेळी आमच्या ध्यानी आला नाही.

पाचव्या दिवशी थप्पीच्या वरच्या थरावर पोते चढविताना ते जागच्या जागी बसले. पाय बधिर झाला होता. इस्पितळात तपासणी झाली. मणक्यांमधील गादी सरकून तंतूवर दाब आला होता. डॉक्टरांनी सर्व हकीकत ऐकली आणि शांतपणे विचारले, "यंत्र लावून वजन उचलायला यांना कोणी सांगितलं?" आमच्याजवळ उत्तर होते, परंतु ते देण्यास तोंड नव्हते.

सुदैवाने दोन-अडीच महिन्यांच्या विश्रांतीने व नंतरच्या व्यायामाने ते हिंडू-फिरू लागले. औषधपाण्याचा व त्या काळातील मजुरीचा भार आम्ही उचलला. तो उपकार नव्हता, देणे होते. आता ते काट्यावर तोलाईचे काम पाहतात, ओझे उचलीत नाहीत. भेटीस गेलो तेव्हा ते आम्हांसच धीर देऊ लागले : "शेठ, तुम्ही तर माझ्या भल्यासाठीच दिली होती." त्यांच्या या बोलण्याने आमचे ओझे हलके झाले नाही.

ढोबळ वजन व निव्वळ वजन

त्यानंतर आम्ही या यंत्राविषयी जे प्रमाणभूत लेखन आहे ते माहीतगारांकडून समजावून घेतले. व्यापारी बंधूंस ते धंद्याच्या भाषेत सांगणे सोपे जाईल. काट्यावर पोते ठेवले की दिसते ते ढोबळ वजन. त्यातून बारदान वजा केल्यावाचून निव्वळ माल कळत नाही. औषधोपचाराचेही तसेच आहे. उपचार केला या भावनेने, डॉक्टरांच्या आश्वासनाने व काळाच्या ओघाने जे बरे वाटते, ते बारदान होय. ते वजा करण्यासाठी संशोधक काही रोग्यांस खरे यंत्र लावितात व काहींस तसेच दिसणारे, परंतु वीज न सोडणारे यंत्र लावितात. दोहोंतील फरक तो निव्वळ माल.

अमेरिकेत रिचर्ड डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १४५ रोग्यांवर असाच प्रयोग करून १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खऱ्या यंत्राचा गुण खोट्या यंत्राहून अधिक दिसला नाही. मात्र ज्यांनी कंबर सैल करण्याचे व्यायाम केले, त्यांस व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. गंमत पुढेच आहे. दोन महिन्यांनी पाहिले तो बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता आणि मिळालेला आरामही नाहीसा झाला होता. आपल्यापैकी किती जणांची हीच कथा आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे!

याच्या उलट बाजूसही वजन आहे. २०२२ साली ३८१ प्रयोगांचा एकत्र विचार करणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना व ते काढल्यावर लगेच, खोट्या यंत्राच्या तुलनेने वेदना कमी असते, आणि गंभीर अपाय आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष. परंतु दीर्घकाळच्या कंबरदुखीचा उपाय म्हणून मात्र जाणत्या संस्थांनी या यंत्राची शिफारस केलेली नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१२ साली जुनाट कंबरदुखीसाठी या यंत्राचा खर्च देणे, संशोधनाचा अपवाद वगळता, थांबविले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीवर ते देऊ नये असे सांगितले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत तोच कल दर्शवून, नियोजित व्यायाम व रोग्याचे शिक्षण यांवर भर दिला.

ही दोन मते परस्परविरोधी वाटतील, पण तशी ती नाहीत. यंत्र चालू आहे तोवर वेदना मंदावते, ही जमेची बाजू खरी. यंत्र बंद केल्यावर मूळ विकार जेथल्या तेथेच असतो, ही खर्चाची बाजूही तितकीच खरी. ते मुदतीचे कर्ज आहे, मिळकत नव्हे. त्या मोकळ्या अर्ध्या तासात जो चालेल, कंबर मोकळी करील, शिकविलेला व्यायाम करील, त्याने कर्ज धंद्यात गुंतविले. जो त्या अर्ध्या तासात पोती उचलील, त्याने ते जुगारात घातले. आमच्या हातून दुसरा प्रकार घडला.

घेताना व वापरताना

ज्यांच्या छातीत हृदयाचा ठोका राखणारे यंत्र बसविले आहे, त्यांनी या पेटीस डॉक्टरांच्या आज्ञेवाचून हातही लावू नये. गर्भवती भगिनींनी व अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्याखेरीज वापरू नये. गळ्याच्या पुढील भागावर, डोळ्यांवर, छातीवर, जखमेवर किंवा अर्बुदाच्या जागी पट्टी लावू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांस त्वचा भाजली तरी कळत नाही; त्यांनी विशेष जपावे. झोपताना, स्नान करताना, वाहन चालविताना व ओझे उचलताना पेटी बंद ठेवावी. पट्ट्या एकाच जागी वारंवार लाविल्यास त्वचेस खाज सुटते, जागा बदलावी.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की, कोणते दुखणे पेटीच्या हवाली करावयाचे नाही हे ओळखावे. कंबरदुखीबरोबर पायात अशक्तपणा येणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप येणे, कारणावाचून वजन घटणे, ही चिन्हे दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत कळ येऊन डावा हात दुखू लागला तर ती खांद्याची लचक समजून पट्टी लावणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. दुकानात 'मधुमेहापासून लकव्यापर्यंत सर्व रोगांवर एकच यंत्र' अशी जाहिरात दिसली तर तेथून काढता पाय घ्यावा. सर्व धान्यांच्या भावात एकच माल विकणारा व्यापारी आपण कधी पाहिला आहे काय?

मंडळास विनंती

तेव्हा मंडळापुढील सूचनेविषयी आमचे मत असे. यंत्रे अवश्य घ्यावी, परंतु घरोघर वाटण्यासाठी नव्हे. थोडी यंत्रे मंडळाच्या कार्यालयात ठेवावी व आठवड्यातून एक दिवस पदवीधर फिजिओथेरपिस्ट नेमून, तपासणीनंतर योग्य त्यासच, ठराविक मुदतीसाठी, व्यायामासह ती द्यावी. जो निधी पन्नास पेट्यांत जाईल, तो एका जाणत्या माणसाच्या वेतनात घालणे अधिक किफायतीचे होईल.

दुसरी विनंती अधिक कठीण आहे, कारण ती आपल्याच वखारींविषयी आहे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुष मजुराने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आमच्या उमेदीच्या काळात १०० किलोचे पोते एका माणसाच्या पाठीवर देणे हे नित्याचे होते, व त्यात आम्हांस काही वावगे वाटत नसे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या ओझ्याविरुद्ध आवाज उठविला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, गुजरातेतही १९७९ साली असंरक्षित श्रमिकांसाठी कायदा आला. सरकारी खरेदीची पोती आता ५० किलोची असतात. तरीही काही मालाची जड पोती अजून बाजारात फिरतात, हे आपण सर्व जाणतो. ५० किलोंवरील पोते आपल्या सभासदांच्या वखारीत माणसाच्या पाठीवर द्यावयाचे नाही, तेथे हातगाडी किंवा दोन माणसे लावावी, असा ठराव मंडळाने करावा. त्यात बारदानाचा व मजुरीचा खर्च थोडा वाढेल. तो आम्ही मान्य करितो, आणि आमच्या वखारीत या हंगामापासून तो नियम सुरूही केला आहे.

आपल्या पूर्वजांनी मुक्या जनावरांसाठी पांजरपोळ बांधिले, बैलाच्या खांद्यावरील घट्ट्यास तेल लाविले, गाडीत अधिक माल भरणाऱ्यास बोल लाविला. त्याच हातांनी माणसाच्या पाठीवरील ओझ्याचा हिशेब ठेवावयास आपण चुकलो. सुई न टोचणे ही अहिंसा सोपी आहे. पोते हलके करणे ही अहिंसा खर्चाची आहे. आम्ही पहिली करून दुसरीतून सुटू पाहिले.

दर संवत्सरीस आपण आप्तेष्टांची, गिऱ्हाइकांची व दलालांची क्षमा मागतो, पत्रे पाठवितो. गेल्या संवत्सरीस आम्ही वखारीत काट्यापाशी गेलो, त्या वृद्ध हमालांपुढे हात जोडले व म्हटले ते येथेही म्हणतो : मिच्छामि दुक्कडम्.